बॉयलरवाल्याच्या पोरीचा आवाज

मुलांनो, जरा डोळे मिटा. झोपायला सांगत नाही, नुसते मिटा. आता अशी कल्पना करा, की तुमच्या घराजवळ एक अवाढव्य भोवरा फिरतो आहे. तुम्ही दात घासता तेव्हा तो फिरतो, शाळेत जाता तेव्हा फिरतो, जेवायला बसता तेव्हाही फिरतोच. पहिल्या दिवशी त्याच्या घूंऽऽ आवाजानं डोकं भणभणतं. महिन्याभरानं पाहुणे येतात आणि विचारतात, "हा कसला हो आवाज?" तर तुम्ही उलट त्यांनाच विचारता, "कुठला आवाज?" आणि मग एखाद्या दुपारी काही बिघाड होतो, भोवरा थांबतो, आणि अख्खी वसाहत दचकून दाराबाहेर येते. शांतता ऐकू आली म्हणून!

उघडा डोळे. हे गाव खरंच आहे. भुसावळजवळचं दीपनगर. तिथं वीज तयार होते, आणि तो भोवरा म्हणजे वीज करणारं जनित्र. उंच धुरांडी, कोळशाच्या वाघिणी, आणि सगळ्यांची एकसारखी क्वार्टर्स, इतकी एकसारखी की नवा माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरायचा आणि पाणी पिऊन झाल्यावर त्याला कळायचं. साधारण ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट सांगतो. मी तेव्हा वसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टर होतो.

त्या वसाहतीत केसर नावाची मुलगी राहायची. सातवीत होती. तिचे वडील मोतीलाल बॉयलर विभागात कामाला. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे घरात अहिराणी आणि दाराबाहेर पुस्तकी मराठी, असा या घराचा शिरस्ता. बॉयलरजवळ इतका आवाज असतो, की शेजारी उभ्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. कानात घालायला बोळे मिळत, पण मोतीलाल ते खिशात ठेवायचे. "मशीनचा आवाज बदलला की बिघाड कळतो," ते म्हणायचे. "बोळे घालून मला कसं कळणार?" बिघाड त्यांना नेमका कळायचा. पण वर्षं गेली तशी घरातली माणसं काय बोलतात ते कळेनासं झालं.

त्यामुळे केसर बोलायला शिकली ती मोठ्यानंच. तिचा आवाज जाड होता, भरड होता, खाली कुठेतरी रेती सांडल्यासारखा खरखरायचा. पण गल्लीच्या या टोकाहून हाक मारली, तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं.

आणि केसरला गाणं म्हणायचं होतं.

शाळेत पुष्पाबाई गाणं शिकवायच्या. बाई मनापासून शिकवत. जानेवारीत वसाहतीचं स्नेहसंमेलन असायचं. त्यासाठी त्या स्वागतगीत बसवत होत्या. वीस-पंचवीस मुली, सगळ्यांचा आवाज एका धाग्यात ओवल्यासारखा हवा. त्यात केसरचा आवाज म्हणजे मोगऱ्याच्या गजऱ्यात सुतळी. बाईंनी तिला दोनदा खालच्या पट्टीत घेतलं, एकदा कडेला उभं केलं, आणि शेवटी मागच्या ओळीत नेऊन हळूच सांगितलं, "केसर, तू नुसते ओठ हलव हं, बाळ."

बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. समूहगीताला एकजीव आवाज लागतो. पण मुलींनी ते ऐकलं. मधल्या सुट्टीत एकीनं विचारलं, "केसर, तुझ्या घशात कोळशाची वाघीण रिकामी झाली का गं?" दुसरी म्हणाली, "तिला कशाला गाणं? साडेसातचा भोंगा बंद पडला की तिलाच बोलावतील."

केसर हसली. घरी येऊन रडली. मोतीलाल ड्यूटीवर होते, म्हणून मोठ्यानं रडली. मग तिनं ठरवलं, आवाज गोड करायचा.

शेजारच्या सुनंदाबाईंनी उपाय सांगितला. ज्येष्ठमध चघळायचं, खडीसाखर तोंडात धरायची, आणि गळ्याला आराम म्हणून फक्त कुजबुजत बोलायचं. केसरनं तो नेमानं सुरू केला. आता जरा विचार करा. ज्या घरात बापाला नीट ऐकू येत नाही, त्या घरात पोरगी कुजबुजायला लागली!

मोतीलाल जेवताना म्हणाले, "आज शाळामा काय शिकाडं?"

केसर कुजबुजली.

"काय?"

ती पुन्हा कुजबुजली. मोतीलाल तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कुजबुजताना ओठ फारसे हलत नाहीत, त्यामुळे तिथूनही काही हाती लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी भुसावळहून तिच्या आवडीचे केळ्याचे वेफर आणले. तिनं मान हलवून घेतले, काहीतरी पुटपुटली, आणि आत गेली. आपल्यावर रुसली की काय, असं वाटून मोतीलाल बायकोला म्हणाले, "इंदिरा, पोर रुसेल शे का मनावर? काय व्हयनं तिले? मनासंगे बोलतच नही."

इंदिराबाईंना खरं काय ते माहीत होतं, पण उपाय मधेच मोडू नये म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. आता मात्र त्यांना राहवेना. शिवाय आठवडाभर कुजबुजून केसरचा आवाज गोड व्हायच्या ऐवजी साफ बसला होता. तोंड उघडलं की नुसती हवा. इंदिराबाई तिला घेऊन दवाखान्यात आल्या.

बाकावर आधीच एक पेशंट बसला होता. निंबा. डिप्लोमा शिकायला धुळ्याकडून आलेला, मामाकडे राहणारा, केस मानेवर रुळणारे, कडेवर कायम गिटार. त्यानं आणि त्याचा दोस्त अभिमननं मिळून एक बँड काढला होता. अभिमन ड्रम वाजवायचा. दवाखान्यामागं रुग्णवाहिकेची जुनी शेड रिकामी होती, तिथं त्यांचा सराव चाले. पेशंट असताना वाजवायचं नाही, या अटीवर मीच परवानगी दिली होती. त्यांना रॉक गायचं होतं. निंबाकडे पुण्याच्या कुणा मित्रानं कोऱ्या कॅसेटवर भरून दिलेली इंग्रजी गाणी होती. त्यातल्या एका गायकाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा या गृहस्थाला औषध द्यावं असंच मला वाटलं होतं.

"काय झालं रे निंबा?" मी विचारलं.

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. मग फाटक्या कागदासारख्या आवाजात म्हणाला, "आवाज बसला."

"कशानं?"

"हिरव्या मिरच्या खाल्ल्या. वरून थंड पाणी प्यालो."

"का?"

"अभिमन म्हने, घसा सोलला का तो कॅसेटवाला गातो तसा आवाज येतो."

इंदिराबाईंनी कपाळावर हात मारला. "माय वं! आमची पोर खरखर जावी म्हणून ज्येष्ठमध चघळते, अन् हा बाबा खरखर यावी म्हणून मिरच्या खातो! डॉक्टरसाहेब, तुम्ही एक करा. दोघांच्या गळ्यांची अदलाबदल करा अन् द्या सोडून."

केसरला हसू आलं, पण आवाज निघेना. निंबाचंही तेच. दोघं बाकावर बसून बिनआवाजाचं हसत होते. असं हसणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

खिडकीबाहेर केळीचं एक झाड होतं. मी त्याच्या पानाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या काढल्या. तुम्हीही करून बघा. केळीचं पान नसेल तर कागद घ्या. दोन पट्ट्या एकमेकींना लावून दोन्ही हातांच्या बोटांत ताणून धरायच्या आणि मधून फुंकायचं. पीं असा आवाज येतो. मी फुंकलं. दोघं बघत राहिले.

"तुमच्या गळ्यात अशाच दोन घड्या आहेत," मी सांगितलं. "छातीतली हवा त्यांच्यामधून जाते, त्या थरथरतात, आणि आवाज होतो. आता बघा." एका पट्टीची कड मी नखानं जराशी कातरली. पुन्हा फुंकलं. आता आवाजात खरखर आली.

"कडा साफ जुळल्या की आवाज गुळगुळीत. जराशा वेड्यावाकड्या जुळल्या, थोडी हवा निसटली, की खरखर. केसर, तुझ्या कडा निसर्गानंच तशा दिल्या असतील, किंवा लहानपणापासून जोर लावून तशा झाल्या असतील. जळगावला नाक-कान-घशाचे डॉक्टर आहेत, ते आरशातून बघतील. आणि कुजबुजणं आधी बंद कर. कुजबुजताना या घड्या अवघडून राहतात. हळू बोलायचं असेल तर हळू बोलावं, कुजबुजू नये."

मग निंबाकडे वळलो. "आणि मिरची या घड्यांपर्यंत पोचतच नाही, राजा. मिरची जाते पोटात. घसा सुजला तो वेगळाच, आणि त्यावर तू ओरडलास. तो कॅसेटवाला जर घसा सोलून गात असता, तर दुसऱ्या कॅसेटपर्यंत पोचला नसता."

केसरनं पाटी मागितल्यासारखा हात पुढे केला. मी केसपेपरची पाठकोरी बाजू दिली. तिनं लिहिलं, 'मग चांगला आवाज कोणता?'

"जो गाऊन झाल्यावर दुखत नाही तो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. उत्तर पटलं नव्हतं. खरं सांगतो, डॉक्टरला त्याहून जास्त माहीत नव्हतं.

जळगावच्या डॉक्टरांनी आरशातून पाहिलं. गाठ नाही, सूज उतरेल, आवाज मूळचाच भरड आहे, काळजी नको. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीनं केसरचा आवाज परत आला. होता तसाच, रेतीसकट. पण घरी ती पहिलं वाक्य बोलली, "बाबा, मी रुसेल नव्हतू, मना आवाज बशी गयता," तेव्हा मोतीलाल इतके खूश झाले, की त्यांनी पुन्हा वेफर आणले.

एका संध्याकाळी ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली. निंबाचाही आवाज परतला होता. त्यानं टेप लावला. केसर उकिडवी बसून ऐकत राहिली. गाणं संपल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "याला कुणी मागच्या ओळीत उभं नाही केलं?"

अभिमन हसून ड्रमवर पडला. "अगं, यानं पुढची ओळ कुणाला ठेवलीच नाही!"

"परत लावा ना."

त्यांनी परत लावलं. मग निंबा स्वतःचं गाणं गायला. ते त्यानंच रचलं होतं, अहिराणीत. त्याच्या गावी रोज वीज जायची आणि इथं दीपनगरात तर विजेचा डोंगर. त्यावरचं गाणं, लाईट इथं, अंधार तिथं, माझ्या गावाला कोण विचारतं, असं:

लाईट आठे, अंधार तठे,
मना गावले कोन इचारस?

निंबानं डोळे घट्ट मिटले, मान आखडली, गळ्याच्या शिरा टरारल्या आणि तो गायला. शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"तुम्ही भांडताय," केसर म्हणाली.

"काय?"

"गात नाही तुम्ही. भांडताय. तो कॅसेटवाला भांडत नाही."

निंबाला राग आला. "तुले इंग्रजी समजस का?"

"नाही. एक शब्द कळत नाही. पण तो कुणाला तरी सांगतोय. तुम्ही कुणाला सांगताय?"

"पब्लिकले!"

"कोण पब्लिक? नाव सांगा."

निंबानं अभिमनकडे पाहिलं. अभिमन म्हणाला, "घे! सातवीतली पोरगी व्हायवा घेते तुझी."

मग केसरनं त्यांना आपल्या घरची रीत सांगितली. ती त्यांच्या बॉयलरवाल्यांच्या गल्लीत सगळ्या घरांना ठाऊक होती, म्हणून तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. बाबांशी बोलायचं तर आधी समोर यायचं, त्यांना तोंड दिसलं पाहिजे. ओरडायचं नाही, कारण ओरडलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात आणि बाबांना वाटतं भांडण आहे. पोट भरून श्वास घ्यायचा. शब्द शेवटपर्यंत बोलायचा, शेपूट गिळायचं नाही. आणि उगाच काही बोलायचं नाही, कारण एवढा श्वास खर्च करून सांगायचं, तर ते सांगण्यासारखं हवं.

"म्हनी दाखाड मंग," निंबा म्हणाला. दाखव म्हणून.

केसर उभी राहिली. समोर कुणी नव्हतं. तिनं शेडच्या भिंतीवरच्या एका ओल्या डागाकडे पाहिलं, जणू तिथं बाबा उभे आहेत, आणि त्या दोन ओळी म्हणाली. गळ्याची एक शीर फुगली नाही. मी दवाखान्याच्या मागच्या दारात उभा होतो. तीच रेती, तीच खरखर, पण आता ती खाली सांडलेली नव्हती. आवाजाला धरून ठेवत होती, ओल्या रस्त्यावर गाडी घसरू नये म्हणून टाकतात तशी. निंबानं गिटार मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवली.

"संमेलनाले तू म्हनशी," तो म्हणाला. "मी नुसती गिटार वाजाडस."

केसरनं शाळेत विचारलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "अगं, म्हण की. स्वागतगीतात ओठ हलवायला दुसरी मुलगी मिळेल मला." त्या हसल्या, पण डोळे केसरवर होते. मग म्हणाल्या, "गाण्याआधी गरम पाणी घे."

करमणूक मंडळाच्या सचिवांनी मात्र कपाळाला हात लावला. "अरे, वीज केंद्राच्या संमेलनात लाईट गेल्याचं गाणं?" निंबा म्हणाला, "साहेब, साखर कारखान्यात हेच गाणं कोण ऐकणार?" सचिवांनी हसून यादीत नाव लिहिलं.

केसरला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती, बाबांनी गाणं ऐकायला हवं. टाळ्या पडोत न पडोत. जन्मल्यापासून तिनं बाबांना शाळेतलं, भाजीचं, शेजारचं सगळं सांगितलं होतं. गाणं कधीच नाही. गाणं सांगायचं कसं, हेच तिला माहीत नव्हतं.

संमेलनाच्या आधीच्या रविवारी ती मोतीलालना शेडवर घेऊन आली. ते पायजमा-सदऱ्यात, हात मागं बांधून दारात उभे राहिले. बँडनं सगळं गाणं जोरात वाजवलं. भाड्यानं आणलेले स्पीकर थरथरत होते. केसर माईकमध्ये तोंड घालून गायली. मोतीलाल मान डोलावत राहिले. संपल्यावर केसर धावत गेली.

"कसं व्हतं, बाबा?"

"मस्त!" ते म्हणाले. "रेल्वे पुलवरथीन जास, तसं. छातीमा धडधड व्हस."

"अन् शब्द?"

मोतीलालनी जरा ओशाळून विचारलं, "शब्द बी व्हतात का त्यामा?"

ते गेल्यावर केसर ड्रमच्या मागं जाऊन बसली. निंबा म्हणाला, "आपण आवाज वाढवू. अजून एक स्पीकर आणू."

मी मागच्या दारातून ऐकत होतो, मला मधे बोलावं लागलं. "त्यानं काही होणार नाही," मी म्हणालो. "त्यांच्या कानांना आवाज पोचतो आहे. त्यांना ऐकू येत नाहीत ते शब्दांचे काठ. स, त, क, च. मोठमोठ्या आवाजानं कानातला तोच भाग आधी झिजतो. स्पीकर वाढवला तर धडधड वाढेल, काठ आणखी बुडतील."

केसरनं गुडघ्यातून डोकं वर काढलं. "म्हणजे मधे सगळं बंद करायला पाहिजे."

"काय बंद?"

"गिटार. ड्रम. माईक पण. शेवटच्या कडव्याला सगळं बंद. मी एकटी म्हणणार."

"लई हुशार!" निंबा भडकला. "रॉकमा गिटार बंद? मंग पेटी-टाळ आनू का? भजन म्हन ना त्यापेक्षा!"

"आपल्या कॅसेटवाल्याच्या त्या तिसऱ्या गाण्यात सगळे थांबतात," अभिमन हळूच म्हणाला.

"कवा?"

"कवा म्हणजे? तू तेव्हा डोळे मिटून मान हलवत असतो, म्हणून तुला कळत नाही."

टेप लावला. खरंच, एका जागी सगळी वाद्यं थांबत होती, आणि तो खरबरीत आवाज एकटा उरत होता. जणू गर्दीतून कुणीतरी आपल्यापर्यंत वाट काढत आलं आणि समोर उभं राहिलं. निंबानं ती जागा पुन्हा ऐकली. आणखी एकदा ऐकली. मग म्हणाला, "बरं. पण तू चुकनी तर मी परत गिटार चालू करी दिसू, सांगी ठेवस."

संमेलन क्लबच्या मोकळ्या मैदानात होतं. सूर्य मावळत होता, धुरांड्यांच्या सावल्या खुर्च्यांवरून लांब गेल्या होत्या. स्वागतगीत झालं, अगदी एका धाग्यात ओवलेलं. नाच झाले, एक नाटुकलं झालं, त्यात एकाची मिशी पडली. मग बँड आला. मोतीलाल आणि इंदिराबाई मधल्या ओळीत होते. मोतीलालनी ठेवणीतला कोट घातला होता. त्याची घडी पाठीवर दिसत होती.

केसर शाळेच्या बुटांत, दोन वेण्या, मधोमध उभी. पहिल्या ओळीला लोक चमकले. एवढीशी मुलगी आणि एवढा आवाज? तिच्या वर्गातल्या मुली एकमेकींचे हात धरून बसल्या. तरुण पोरं शिट्ट्या मारायला लागली. वयस्कर मंडळींनी कानावर हात ठेवले, तरी पाय हलतच होते. मी मोतीलालकडे बघत होतो. ते मान डोलावत होते, शेडच्या दारात डोलावली होती तशीच. पुलावरून रेल्वे जात होती.

आणि मग अभिमनचा हात थांबला. निंबानं तारांवर पंजा ठेवला. अचानक सगळं शांत. भोवऱ्याचा तो नेहमीचा घूंऽऽ तेवढा मागं राहिला. लोकांना वाटलं, वीज गेली. कुणीतरी हसलंसुद्धा.

केसरनं माईक बाजूला सरकवला. मंचाच्या अगदी कडेला आली. मधल्या ओळीत बाबा दिसेपर्यंत तिनं नजर फिरवली. दिसल्यावर थांबली. पोट भरून श्वास घेतला. कपाळावर एक आठी नव्हती. एकेक शब्द काठासकट, शेवटपर्यंत, न ओरडता, न घाबरता:

लाईट आठे, अंधार तठे,
मना गावले कोन इचारस?

मोतीलालची मान डोलायची थांबली. ते पुढे झुकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. धुळ्याकडच्या खेड्यात त्यांची म्हातारी आई एकटी राहायची, रोज कंदिलाची काच पुसायची. आणि हे इथं, रोज आठ तास, बॉयलरपुढं. ते उभे राहिले. आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना कधीच अंदाज नसायचा. ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे म्हणाले,

"मी इचारस! मी इचारस ना, बेटी!"

मैदान हसलं. वाईट हसू नव्हतं ते, पण हसू होतं. मोतीलालना लोकांची तोंडं हलताना दिसली, आणि आपण मोठ्यानं बोललो हे त्यांना कळलं. ते गडबडीनं खाली बसायला लागले. इंदिराबाईंनी त्यांचा कोट ओढला. निंबाला वाटलं, गाणं मोडलं. ते सावरायला त्यानं गिटारवर हात उचलला, अभिमननंही काठ्या वर केल्या.

केसरनं मागं न बघता हात वर केला, थांबा म्हणून. मग पुन्हा पोट भरून श्वास घेतला, आणि तीच ओळ पुन्हा म्हणाली, फक्त बाबांकडे बघून, आणि उत्तरासाठी थांबून राहिली.